होशंगशाहाने भोजाचा तलाव फोडला, मग भोपाळचा मोठा तलाव कोणाचा?

प्रश्न : मेहरूणकाठ (जळगाव)

मेहरूण तलावाच्या काठाने रोज सकाळी फिरणाऱ्यांपैकी मी एक आहे. त्यामुळे तलाव म्हटला की या काठावरून पलीकडचा काठ दिसायचाच, अशी माझी आजवरची समजूत होती. गेल्या डिसेंबरात एका लग्नानिमित्त भोपाळला जाणे झाले आणि ती समजूत मोडली. श्यामला टेकडीच्या पायथ्याशी बोट क्लबवर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर पाण्याचा शेवट दिसेना. पाण्यात एका जुन्या बुरुजावर राजा भोजाचा पुतळा उभा आहे आणि अकराव्या शतकात हा तलाव भोजानेच बांधला, असे तेथील प्रत्येक जण सांगतो. या तलावाचे अधिकृत नावही २०११ पासून ‘भोजताल’ असे आहे.

घरी आल्यावर माळव्याच्या इतिहासाचे एक जुने पुस्तक चाळताना मात्र मी गोंधळलो. माळव्याचा सुलतान होशंगशाह याने पंधराव्या शतकात भोजाच्या तलावाचा बांध फोडला आणि तलाव रिकामा केला, असे त्यात लिहिले होते. फोडलेला तलाव आज भरलेला कसा? तो नंतर कोणी पुन्हा बांधला काय?

भूगोलाबद्दलही एक शंका आहे. जाताना गाडीने नर्मदा ओलांडली आणि त्यानंतर दोन तासांच्या आत आम्ही भोपाळला पोहोचलो. इतक्या जवळ नर्मदा असल्यामुळे तलावाचे जादा पाणी तिलाच मिळत असेल, असे मी गृहीत धरले होते. पण तेथील एका नातेवाइकाने ते यमुनेला जाते असे सांगितले. हे खरे आहे काय? शिवाय मोठ्या तलावाला लागूनच, केवळ एका रस्त्याच्या आणि बागेच्या अंतरावर, दुसरा लहान तलाव आहे, ज्याचे पाणी मोठ्या तलावापेक्षा स्पष्टपणे काळपट दिसत होते. दोन्ही एकमेकांना इतके चिकटून असताना हा फरक का, हेही कोणी समजावून सांगावे.

उत्तर १ : तापीपूल (भुसावळ)

आपल्या नातेवाइकाचे म्हणणे बरोबर आहे. मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. नोकरीत इटारसीपर्यंतचा मार्ग पायाखालचा होता आणि मुलगी भोपाळला दिल्यामुळे पुढचाही परिचयाचा झाला. या तलावाचा भूगोल समजून घ्यायला रेल्वेच्या खिडकीइतकी सोयीची जागा दुसरी नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भुसावळ सोडल्याबरोबर आपण तापी ओलांडतो. ती पश्चिमेला वाहते, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. पुढे बुऱ्हाणपूर आणि असीरगडाजवळ सातपुड्याच्या खिंडीतून गाडी वर जाते व खंडव्याच्या बाजूला नर्मदेच्या खोऱ्यात उतरते. इटारसीनंतर नर्मदेचा पूल येतो; तीही पश्चिमवाहिनीच. त्या पुलाजवळच्या गावाचे जुने नाव होशंगाबाद असून आता ते नर्मदापुरम झाले आहे. आपण ज्याच्याबद्दल विचारता त्याच होशंगशाहाच्या नावावरून ते जुने नाव पडले होते. नर्मदा ओलांडली की बुधनीपासून गाडी विंध्याचा घाट चढू लागते आणि बरखेड्याला माथ्यावर येते. हा घाट पाहताना आपण बहुधा झाडीकडे आणि बोगद्यांकडे पाहतो, परंतु खरी गोष्ट अशी की येथेच पाण्याची दिशा बदलते. घाटाखाली पडलेला पाऊस नर्मदेतून भडोचजवळ अरबी समुद्राला मिळतो, तर घाटमाथ्यापलीकडे पडलेला पाऊस बेतवेतून हमीरपूरजवळ यमुनेला आणि तेथून गंगेला जातो. भोपाळ शहर माथ्याच्या पलीकडच्या अंगाला वसलेले आहे. म्हणून नर्मदा कितीही जवळ असली तरी तलावाच्या पाण्याला तिच्याकडे जाण्याची वाटच नाही.

तलावाला पाणी देते ती कोलांस नदी. ती सिहोरच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून, काळ्या मातीच्या सपाट शेतीतून येते. ही जमीन आपल्या यावल-रावेरच्या काळ्या जमिनीची आठवण करून देते. खाली आपल्यासारखाच दख्खनचा काळा पाषाण आहे, पण भोपाळ शहरातल्या टेकड्या, श्यामला, ईदगाह, अरेरा वगैरे, विंध्याच्या वालुकाश्माच्या आहेत. या टेकड्यांच्या मधली फट बांधाने बुजवली की मागे आपोआप थाळीसारखा पसरट तलाव तयार होतो. तलाव इतका विस्तीर्ण असूनही फारसा खोल नाही, त्याचे कारण हेच. पूर्ण भरला असता त्याचे क्षेत्र सुमारे ३१ चौरस किलोमीटर होते, पण सर्वांत खोल जागीही पाणी साधारण ११ मीटरच असते.

जादा पाणी भदभदा येथून बाहेर पडते. ते धरण भोजाच्याच काळचे असावे. भदभद्याचे दरवाजे उघडले की भोपाळची मंडळी, आपल्याकडे हतनूरचे दरवाजे उघडल्यावर जशी गर्दी होते, तशीच पाहायला जातात. अर्थात हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि तिकडे ११. एवढा अभिमान आम्ही भुसावळकरांनी बाळगायला हरकत नसावी.

उत्तर २ : पाटणादेवी (चाळीसगाव)

आपण वाचलेले खोटे नाही आणि भोपाळकर सांगतात तेही खोटे नाही. आपल्या गोंधळाचे मूळ असे की भोजाच्या नावाशी एक नव्हे तर दोन तलाव जोडलेले आहेत आणि होशंगशाहाने फोडला तो दुसरा.

भोज हा परमार राजा, राजधानी धार. त्याचा काळ साधारणपणे इ. स. १०१० ते १०५५ असा मानतात. भोपाळच्या आग्नेयेस, शहरापासून सुमारे तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा अंतरावर, बेतवेच्या काठी भोजपूर हे गाव आहे. तेथे भोजेश्वराचे अपूर्ण राहिलेले मंदिर असून त्यातील शिवलिंग भारतातील सर्वांत मोठ्या लिंगांपैकी एक आहे. या गावाजवळ बेतवा टेकड्यांच्या मधल्या अरुंद फटींतून वाहते. त्या फटी मोठमोठ्या घडीव दगडांनी मढवलेल्या मातीच्या बांधांनी अडवून भोजाने एक अतिविशाल जलाशय निर्माण केला होता. बांधांचे अवशेष आजही पाहायला मिळतात. १८८८ साली किनकेड या इंग्रज अधिकाऱ्याने या जलाशयाची चिन्हे हिंडून पाहिली आणि त्याचे क्षेत्र २५० चौरस मैल, म्हणजे सुमारे ६५० चौरस किलोमीटर, असावे असा अंदाज मांडला. हा अंदाज जास्त वाटेल, आणि मलाही तो थोडा सढळ हातानेच केलेला वाटतो. परंतु निम्मा धरला तरी भोपाळच्या आजच्या तलावापुढे तो कितीतरी मोठा ठरतो.

होशंगशाहाने (कारकीर्द १४०६ ते १४३५) फोडला तो हा भोजपूरचा बांध. किनकेड यांनी तेथील गोंडांकडून ऐकलेली हकीकत अशी की बांध कापायला सैन्याला तीन महिने लागले, तलाव रिकामा व्हायला तीन वर्षे लागली आणि तळाची जमीन पुढे तीस वर्षे वस्तीयोग्य झाली नाही. तीन, तीन आणि तीस हे आकडे लोककथेच्या सोयीचे आहेत, हे उघड आहे. मात्र मूळ घटनेचा पुरावा जमिनीवरच आहे, कारण त्या तलावाच्या तळात आज गहू पिकतो. याच होशंगशाहाच्या घराण्याची आपल्या थाळनेर-बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांशी सोयरीक होती. म्हणजे हा इतिहास खानदेशाला अगदीच परका नाही.

उत्तर १ मध्ये रेल्वेमार्गाचे वर्णन आहे, त्यात एक भर घालतो. भोपाळच्या अलीकडे मंडीदीप नावाचे स्थानक लागते. आज ते कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या नावातला ‘दीप’ म्हणजे ‘द्वीप’, आणि भोजपूरच्या जलाशयातले ते बेट होते, असे परंपरा सांगते. तसे असल्यास खानदेशातून भोपाळला जाणारा प्रत्येक प्रवासी शेवटचा काही वेळ एका नाहीशा झालेल्या तलावाच्या तळातूनच प्रवास करतो.

आता या दोन तलावांचा परस्परसंबंध, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लोककथा अशी आहे की भोजाला दुर्धर व्याधी जडली आणि ३६५ प्रवाहांचे पाणी ज्यात मिळते अशा तलावात स्नान केल्यास ती बरी होईल, असे त्याला सांगण्यात आले. बेतवेच्या खोऱ्यात तेवढे प्रवाह भरेनात. तेव्हा कालिया नावाच्या गोंड प्रमुखाने एका आडवाटेच्या नदीचा पत्ता दिला, तिचे पाणी वळवून संख्या पूर्ण करण्यात आली आणि त्या नदीला त्याच्या नावावरून कलियासोत म्हणू लागले. कथेतील व्याधी बाजूला ठेवा आणि नदी वळवल्याचा भाग नकाशावर ताडून पाहा. कोलांस ही मूळची उत्तरेकडे हलाली नदीला मिळणारी. भोपाळला तिच्या वाटेत बांध घातला गेला, पाणी तुंबून मोठा तलाव झाला आणि जादा पाण्याला आग्नेयेकडून, म्हणजे भदभद्याच्या बाजूने, वाट काढून दिली गेली. त्या वाटेने ते कलियासोतमध्ये आणि कलियासोतमधून भोजपूरजवळ बेतवेत जाते. म्हणजे भोपाळचा तलाव हा भोजपूरच्या महाजलाशयाची पाणी पुरवणारी बाजू होता, असे किनकेड यांचे मत होते आणि नदीचा आजचा प्रवाह पाहता ते मला पटते. खालचा जलाशय गेला, पण वरचा बांध कोणी फोडला नाही. म्हणून भोजपूरला शेते आहेत आणि भोपाळला तलाव आहे.

शहराच्या नावाबद्दलही दोन मते आहेत. एक ‘भूपाल’, आणि दुसरे ‘भोजपाल’, ज्यात ‘पाल’ म्हणजे बांध. मराठी माणसाला दुसऱ्या मताची ओढ वाटणे साहजिक आहे, कारण आपणही तळ्याच्या बांधाला ‘पाळ’च म्हणतो. पण केवळ कानाला गोड लागते म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही, एवढे भान ठेवलेले बरे.

उत्तर ३ : पांझरेचा पाट (धुळे)

मी पाटबंधारे खात्यात होतो. वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, मात्र उत्तर १ मधील एक दुरुस्ती आवश्यक वाटते. भदभद्याचे ११ दरवाज्यांचे धरण भोजकालीन नाही. ते १९६५ सालचे आहे. भोजाचा मातीचा बांध तेथून बराच दूर, शहराच्या जुन्या भागाजवळ, कमला पार्क या बागेखाली आहे. प्रश्नकर्त्यांनी ज्याला ‘एका रस्त्याचे आणि बागेचे अंतर’ म्हटले आहे तोच तो बांध. त्यांनी त्यावरून चालत जाऊनही तो त्यांना दिसला नाही, यात त्यांचा दोष नाही; सुमारे हजार वर्षांत त्यावर झाडे, रस्ता आणि राणी कमलापतीचा अठराव्या शतकातील महाल उभा राहिला आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर कमला पार्क हा धरणाचा मुख्य भराव आहे आणि भदभदा हा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडण्याची जागा, आहे. १९६५ साली सांडव्यावर दरवाजे बसवल्याने पातळी वाढवता आली व साठाही वाढला. पूर्ण संचय पातळी १६६६.८० फूट म्हणजे सुमारे ५०८ मीटर आहे. भोपाळमध्ये पावसाळ्यात हा आकडा फुटांतच बोलला जातो आणि वर्तमानपत्रे रोज किती फूट बाकी आहे ते छापतात.

दोन तलावांच्या पाण्यातील फरकाचे उत्तर याच भरावाशी जोडलेले आहे. लहान तलाव भोजाचा नव्हे. तो १७९४ मध्ये नवाब हयात मुहम्मद खान यांचे मंत्री छोटे खान यांनी बांधला. मोठ्या तलावाच्या बांधाच्या खालच्या अंगाला, जेथे पूर्वी कोलांसचे कोरडे पात्र उरले असेल, तेथे दुसरा बांध, म्हणजे पुल पुख्ता, घालून तो अडवला. त्याचे क्षेत्र जेमतेम १.२९ चौरस किलोमीटर. त्याला स्वतःची नदी नाही. वरच्या तलावाचा पाझर हे त्याचे स्वच्छ पाणी आणि भोवतालच्या दाट वस्तीतील नाले हे त्याचे दुसरे पाणी. मोठ्या तलावाला सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र आहे आणि त्यातला बहुतेक भाग शेतीचा आहे. लहान तलावाच्या पाणलोटात मात्र जवळजवळ केवळ शहरच आहे. पाणी काळपट दिसण्यासाठी याहून वेगळे कारण शोधण्याची गरज नाही. लहान तलावाचे जादा पाणी पात्रा नाल्यातून हलालीला जाते, म्हणजे कोलांसच्या मूळच्या उत्तरेकडील वाटेने. एकाच बांधाच्या दोन बाजूंचे पाणी असे दोन वेगळ्या नद्यांतून जाते आणि शेवटी पुन्हा बेतवेतच एकत्र येते. पाट काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे पाहून समाधान वाटते, हे कबूल करतो.

मोठ्या तलावाचे पाणी शहराला पिण्यासाठी दिले जाते. एकोणिसाव्या शतकात कुदसिया बेगम यांनी नळाच्या पाण्याची व्यवस्था केली, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. आज कोलार धरण आणि नर्मदेचेही पाणी शहराला मिळते, तरीही जुन्या भोपाळचा मोठा भाग तलावावरच अवलंबून आहे. म्हणून तेथे तलावाची निगा हा केवळ सौंदर्याचा विषय नाही. १९९५ नंतर जपानच्या कर्जसाहाय्याने तेथे मोठी योजना राबवली गेली : गाळ काढणे, सांडपाणी वळवणे, काठावर झाडे लावणे आणि मूर्ती विसर्जनासाठी प्रेमपुरा येथे स्वतंत्र घाट बांधणे, अशी कामे झाली. २००२ मध्ये दोन्ही तलाव मिळून ‘भोज पाणथळ’ या नावाने रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. आपल्या महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, त्या यादीत जायला २०१९ साल उजाडले.

तरीही माझ्या मते काठावरच्या कामांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे पाणलोटाला दिले जात नाही. तलाव उथळ आहे, तो काळ्या मातीतून येणाऱ्या नदीवर आहे, आणि काळी माती नांगरलेली असताना पहिल्या जोराच्या पावसात किती वाहते ते गिरणेचे किंवा पांझरेचे पहिले पूरपाणी पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शेतातून माती येते आणि तिच्याबरोबर खतेही येतात. गाळाने तळ वर येतो आणि खतांनी जलपर्णी माजते. २००९ च्या उन्हाळ्यात पाऊसमान कमी पडल्यामुळे तलाव इतका आटला की एरवी पाण्याखाली असलेल्या जमिनीवर लोक चालत गेले आणि हजारो भोपाळकरांनी श्रमदानाने गाळ उपसला. ते दृश्य मी स्वतः पाहिले. श्रमदानाबद्दल आदर बाळगूनही सांगतो, फावड्याने उपसलेला गाळ आणि एका पावसाळ्यात कोलांसने आणलेला गाळ यांचे प्रमाण तपासले तर फावडे हरते. सिहोरकडच्या शेतांच्या बांधबंदिस्तीवर तोच पैसा खर्च झाला असता तर अधिक टिकला असता.

तलावात शिंगाड्याची शेती होते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. मासेमारी आणि शिंगाडा यांवर अनेक कुटुंबे जगतात.

मेहरूणकाठ (जळगाव)

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. कमला पार्कमध्ये आम्ही बाकावर बसून शेंगा खाल्ल्या आणि समोर तलाव कोठे अडवला असेल याची चर्चा करत होतो. आपण बांधावरच बसलो आहोत हे कोणाच्याही लक्षात आले नाही. एकच शंका उरते. भोजाने बांधला याला शिलालेखाचा आधार आहे, की हे सारे परंपरेवरच आहे?

तापीपूल (भुसावळ)

भदभद्याबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. जावईबापूंनी सांगितले ते मी तपासून न पाहता लिहिले.

पाटणादेवी (चाळीसगाव)

भोपाळच्या तलावाबद्दल प्रामुख्याने परंपराच आहे, असे समजून चालावे. भोजपूरचे तसे नाही. तेथील मंदिराची बांधणी परमार काळाशी जुळते. मंदिर अपूर्ण राहिल्यामुळे आजूबाजूच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले आराखडे आणि दगड वर चढवण्यासाठी मंदिरामागे केलेला मातीचा उतार अजून शिल्लक आहे. जवळच्या बांधाचे घडीव दगडही त्याच मोठ्या मापाचे आहेत. भोपाळच्या बांधासाठी एवढाच युक्तिवाद करता येतो की खालचा जलाशय ज्याने बांधला, त्यालाच वरचे पाणी वळवण्याची गरज होती. पुन्हा जाणे झाले तर रेल्वेने मंडीदीपला उतरून भोजपूरला जावे. भोपाळहून उलट येण्याचा वेळ वाचतो. आधी बांधाचे अवशेष पाहावेत आणि मग मंदिर. कारण मंदिर पाहून झाल्यावर बांधाकडे कोणी वळत नाही, असा माझा दोन वेळचा अनुभव आहे.